पद्मावती काकीचं गाऱ्हाणं

पद्मावती काकी कुणालाही माफ करत नाही. हे आधीच सांगते, नाहीतर पुढे वाचून तुम्ही म्हणाल, बिचारी, किती सोसलं हो तिने. सोसलं-बिसलं काही नाही. तिने लक्षात ठेवलं. दोन्हींत फरक आहे.

आमच्या वाड्यावर रोज सकाळ-संध्याकाळ पोदेर सायकलवरून पाव घेऊन येतो. एकदा पावसात त्याने काकीला भिजलेले उंडे पाव दिले आणि वर म्हणतो कसा, "चायत बुडवनच खातलंस मगे?" झालं! त्या दिवसापासून काकीने पाव सोडला. आयुष्यभरासाठी. पोदेरही तसलाच खवचट, मुद्दाम तिच्या फाटकासमोर दोनदा पों पों करतो, आणि काकी आतून भाकरी थापता थापता ओरडते, "वाजय, वाजय! हॉर्न फुटान जांव तुजो!" हे इतकी वर्षं चाललंय की आता कुणी हसतही नाही.

आमचा गाव पेडणे तालुक्यात, पार्से ओलांडलं की लगेच. काकी आमच्या शेजारी, मध्ये फक्त एक दगडी गडगा. बुटकी, काटक, शेतात जाताना साडीवर मुलाचा जुना शर्ट घालते. मिरची, वाल, मुळा, जे पिकेल ते घेऊन शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसते. कुणी घासाघीस केली की म्हणते, "परवडणा नाय तर फोटो काडून घे, ता फुकट आसा." मला ती खूप आवडते. म्हणूनच लिहितेय. आणि राग आहे म्हणूनही लिहितेय, राग अजून गेलेला नाही.

तर गोष्ट अशी की आमचा अख्खा गाव म्हणायचा, पद्मावतीमुळे तिचा नवरा गेला. तोंडावर कुणी नाही म्हणायचं. पण नळावर, लग्नात, बसमध्ये. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचा स्वतःचा मुलगा गौरेश म्हणायचा. तो वास्कोला बंदरात कामाला आहे. चतुर्थीला यायचा, गणपतीला हात जोडायचा, पायरीवर बसून बूट घालायचा आणि मामाकडे जेवायला जायचा. आईच्या हातचं पाणीसुद्धा नाही. दहा-बारा वर्षं!

काय झालं होतं ते सांगते. सखाराम काकांना साखर होती. काजूच्या बागेत पायात खुंट घुसला, त्यांनी कुणाला सांगितलं नाही, वर हळद दाबली आणि फिरले. पाय काळा पडला तेव्हा म्हापशाच्या एका हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर बाहेरचा, तरुण, हिंदी आणि इंग्लिश बोलणारा. काकीला यातलं एकही नीट येत नाही. शेवटी तिथल्या आयाला बोलावलं, राणी नावाची, बेळगावकडची. ती काकीला म्हणाली, "मावशे, पाय काढायला लागतोय म्हनत्यात. आज सांजच्यालाच. इष वर चढाय लागलंय. सही करा."

आता बघा. आमच्याकडे घर बांधायचं तर देवाला विचारतात. सोयरीक जुळवायची, विहीर खणायची, पोराला परदेशी पाठवायचं, आधी देवाला विचारतात. आणि माणसाचा पाय कापून टाकायचा तो न विचारता? काकी म्हणाली, देवाचा कौल घेऊन येते आणि सही करते. डॉक्टरने घड्याळाकडे बोट केलं. राणीने विचारलं, "किती येळ लागंल?" काकी म्हणाली, "गेलंय आणि इलंय." ते खोटं नव्हतं. कौल म्हणजे फार काही नसतं. शंभूतात्या अंघोळ करून गाभाऱ्यात जातो, देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. कौल लावायचं आणि देवाला गाऱ्हाणं घालायचं काम पिढ्यान्पिढ्या त्यांच्याच घराकडे. कोणी कधीही गेलं तरी शंभूतात्याने उठायचं, अशी रीत आहे.

काकी दुपारच्या बसने आली, उतरली ती धावतच तात्याच्या घरी. आणि तात्या कसा बसलेला? तोंडाला रंग लावून! त्या संध्याकाळी आमच्या हौशी मंडळाचं नाटक होतं शेजारच्या गावात आणि तात्या राजा. मिशा चिकटवलेल्या, भुवया काढलेल्या. कौल लावायचा म्हणजे अंघोळ, अंघोळ म्हणजे रंग जाणार, आणि रंगवणारा माणूस रंगवून पुढे गेलेला. तात्याने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आज देव बोलणा नाय गो. उद्या सकाळी ये."

देव बोलणार नाही! देव नाही, राजा!

काकीला तेव्हा त्यातलं काही सुचलं नाही. देवाच्या माणसाने सांगितलं म्हणजे देवानेच. रात्रभर तिने वाट बघितली. सकाळी तात्याने कौल लावला, उजवी पाकळी लगेच पडली. ती पहिल्या बसने गेली. पाय काढला, पण विष रक्तात गेलं होतं. चार-पाच दिवसांत काका गेले.

आणि बाराव्याच्या आत गावात बातमी पसरली. तात्याने स्वतः सांगितलं लोकांना, "मी तिका म्हटलंय, मी न्हावन थांबतंय, तू नारळ घेवन ये. तीच इली नाय. घाबारली आसतली." काकीने सांगायचा प्रयत्न केला, पण कोण ऐकणार? एका बाजूला देवळातला माणूस आणि दुसऱ्या बाजूला मिरच्या विकणारी बाई, जी पोदेरशीही भांडते. गौरेश तेव्हा दहावीत होता. शाळेत त्याला पोरांनी सांगितलं. तो घरी आला आणि ताट सरकवून उठला.

हे मला सगळं कसं माहीत? कारण काकीने हे सगळं सांगितलं तेव्हा मी तिथेच होते, वालीच्या शेंगा मोडत. ती मला नव्हती सांगत. गौरवीताईला सांगत होती.

गौरवीताई म्हणजे शंभूतात्याचीच मुलगी. हो. हुशार, पहिल्यापासून नंबर. काकीच्या घरी लहानपणी जेवायची. मग पणजीला, मग पुण्याला, मग पीएच्.डी. विषय होता, गावातली रुग्णांची कुटुंबं आणि डॉक्टर यांच्यातला आंतरसांस्कृतिक संवाद. म्हणजे सोप्या भाषेत, डॉक्टर एक बोलतो, गाव वेगळं समजतं, मधे माणूस मरतो, ते का. चांगलाच विषय आहे, मी नाही म्हणत नाही. ती गावात येऊन दोन दिवस काकीच्या सोप्यावर बसली, फोन समोर ठेवला, त्याला छोटासा माईक लावला. काकी राणीचं बोलली, डॉक्टरचं बोलली, बसचं बोलली. आणि तात्याच्या दारात पोचली तशी थांबली.

"गो, हेच्या फुडचा तुज्या बापाशीचा आसा."

गौरवीताईने तिचा हात धरला. "सांग काकी. मी इथे संशोधक म्हणून बसलेय, त्यांची मुलगी म्हणून नाही."

खरं सांगते, मला वाटलं, शिकावं तर असं! मी त्याच मिनिटाला ठरवलं होतं की आपण पण पीएच्.डी. करायची.

काकीने सगळं सांगितलं. रंग, मिशा, सगळं. शेवटी म्हणाली, "लोक म्हणतत, मी उशीर केलंय म्हणान माजो घोव गेलो. पण उशीर मी नाय केलंय, चेडवा. मी धावलंय." आणि रडली. काकी रडताना मी पहिल्यांदा बघितली. गौरवीताईचेही डोळे भरलेले.

"लिवतलंस ह्या?"

"लिहिणार काकी. सगळं."

काकी त्यानंतर कितीतरी दिवस वेगळीच होती. पोदेरला एकदा शिवी न देता सोडलं तिने! मला विचारायची, "इला काय गो ता छापान?" मी म्हणायचे, पीएच्.डी. आहे काकी, ती वेळ खाते. तिचा एकच हिशोब होता. पुस्तकात आलं की गौरेश वाचील. तात्याच्या मुलीने लिहिलंय म्हटल्यावर त्याला मानावंच लागेल.

मग आमच्या कॉलेजात सेमिनार झाला. शिक्षण, संस्कृती आणि आरोग्य असं काहीतरी मोठं नाव, बॅनरवर फुलं, प्रमुख वक्त्या डॉ. गौरवी. मी पुढच्या रांगेत बसले, अभिमानाने, शेजारणींना सांगतेय आमच्या वाड्यावरची आहे म्हणून. ती छान बोलली. मग पडद्यावर आलं, 'सांस्कृतिक विलंब'. खाली, 'सहभागी प, स्त्री, शेती, पेडणे तालुका'. आणि म्हणाली, ऐकूया हिच्याच शब्दांत. बटण दाबलं.

हॉलभर काकीचा आवाज. "मी उशीर केलंय म्हणान माजो घोव गेलो."

बास. एवढंच. 'लोक म्हणतत' नाही. 'मी नाय केलंय' नाही. पुढचं कापलं, मागचं कापलं आणि मधला तुकडा वाजवला. मग मागून ते रडणं. आणि गौरवीताई सांगतेय की कुटुंबाच्या श्रद्धेमुळे निर्णय एक रात्र लांबला, पत्नीची अपराधी भावना आजही कशी ताजी आहे बघा. तात्या कुठे? रंग कुठे? राजा कुठे? काहीच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक मॅडम डोळे पुसत होत्या. माझ्या कानातून वाफ येत होती.

चहाच्या वेळी मी तिला गाठलं. "ताई, ते अर्धं वाक्य आहे."

"अगं, तू? कशी आहेस? मुलाखती तासन्‌तास असतात गं, एडिट करावंच लागतं."

"आणि तुमचे बाबा?"

तिने आजूबाजूला बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तो भाग माझ्या प्रश्नाशी संबंधित नव्हता. आणि काकीचं नाव मी कुठेच घातलं नाही. नैतिकतेचे नियम असतात, ते मी पाळलेत."

मी हातातला चहा टेबलावर ठेवला. तिच्या पर्सवर ठेवला. अर्धा भरलेला होता. धक्का लागला, मी काय करू.

संध्याकाळी घरी आले तर वाटलं होतं काकीला कसं सांगू, पण सांगायची गरजच पडली नाही. कॉलेजने भाषण यूट्यूबवर टाकलं होतं, कुणीतरी ते गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि तिथून वास्कोला. काकी पडवीत उभी, कानाला फोन. गौरेशचा फोन! स्वतःहून केलेला, कितीतरी वर्षांनी. मी गडग्यापाशी थांबले. फोन स्पीकरवर होता, तिला दुसरं येत नाही.

"आता तरी कबूल केलंस मगे? तुज्याच तोंडान. सगळ्या जगान आयकला."

"गौरेश, ता तसा नाय रे..."

"आवाज तुजोच ना? तुजोच मगे?"

"माजोच."

"मग पुरे." आणि कट.

मी धावत गेले, रडत, बडबडत, की काकी आपण कॉलेजात जाऊ, तक्रार करू, मी प्रिन्सिपलना मेल टाइप करते आत्ताच्या आत्ता. काकी रडली नाही. खाली बसली. म्हणाली, "वाजय बघूया." मी माझ्या फोनवर वाजवलं. तिने ऐकलं. "परत." परत वाजवलं. तिसऱ्यांदा ऐकून म्हणाली, "बरा कापल्यान. शिवणाक घातला असता तर टाको दिसलो नसतो."

 मग एकदम, "तिचो सत्कार करतत मा गावात? केवां?"

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी. देवळाच्या मंडपात. मंडळाने बोर्डही लावला होता नाक्यावर, गावची सुकन्या वगैरे.

काकीने लगेच गौरेशला फोन लावला. त्याने उचलला नाही. तिने मला मेसेज टाइप करायला लावला, शब्द तिचे. "जत्रेच्या आदल्या दिसा सकाळी देवळात ये. एकदाच ये. मगे येव नको."

सत्काराच्या दिवशी मंडप भरलेला. मंडळाचा अध्यक्ष दत्तप्रसाद माईकवर सुटलेला. "ही आमची डॉक्टर सुई मारणारी नाय हां, पोरांनो भियेव नकात! ही पुस्तकाची डॉक्टर!" सगळे हसले. गौरवीताई नऊवारीत, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. शंभूतात्या गाभाऱ्याच्या दारात, नवं धोतर, चेहऱ्यावर काय तो आनंद! आणि मागे खांबाला टेकून, हेल्मेट हातात, गौरेश. आला होता.

दत्तप्रसादने आता जेवणं म्हटलं आणि लोक उठायला लागले, तेवढ्यात काकी पुढे गेली. हातात नारळ आणि पान-सुपारीचा विडा. तिने विडा उंबऱ्यावर ठेवला. नारळ हातातच धरला.

"शंभूदादा, गाऱ्हाणा घालूचा आसा."

आता आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे काय, तर ज्याला देवाला सांगायचं आहे तो स्वतः बोलत नाही. तो तात्याच्या कानात सांगतो. मग तात्या ते मोठ्याने देवाला सांगतो, सांगणाऱ्याच्या वतीने, आणि दर वाक्याला जमलेले सगळे ओरडतात, 'व्हय म्हाराजा!' मग सांगणारा नारळ ठेवतो आणि गाऱ्हाणं पुरं होतं. विडा ठेवला की नाही म्हणता येत नाही. कुणालाच नाही. कोर्टातल्या खुन्यालासुद्धा नाही.

"गे पद्मावती, आता? लोक भुकेले," दत्तप्रसाद म्हणाला.

"तू जेव जा. तुका कोणी धरलाहा?"

लोक परत बसले. गाऱ्हाणं चालू असताना उठत नाहीत. काकी तात्याच्या कानाशी वाकली. फार वेळ नाही लागला. आम्हाला काही ऐकू आलं नाही, पण तात्याचा चेहरा आम्ही सगळ्यांनी बघितला.

त्याने देवाकडे तोंड केलं. घसा खाकरला. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा मंडप.

"आज ही तुजी लेक पद्मावती तुज्या उंबऱ्यार इली आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या हातसून काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल..."

"व्हय म्हा..."

"ह्या मी सांगूक नाय," काकी म्हणाली. मोठ्याने नाही, पण मंडप गप्प झाला. "मी सांगलंय तसा म्हणा."

"गो, अर्थ तोच..."

"अर्थ नको. माज्या बोलण्याचो अर्थ काडणारे खूप झाले. मी सांगलंय तसा म्हणा."

मी गौरवीताईकडे बघितलं. तिला कळलं होतं. शाल घसरली होती खांद्यावरून, उचलली नाही तिने. मला इतकं बरं वाटलं ना! वाईट आहे, पण वाटलं.

तात्याने इकडे तिकडे बघितलं. सुटका कुठून? समोर देव, मागे गाव, उंबऱ्यावर विडा. आणि काकीच्या हातात नारळ, जो ती ठेवत नव्हती.

"बा देवा म्हाराजा. हिचो घोव सखाराम हॉस्पिटलात होतो..."

"व्हय म्हाराजा!"

"ही धावत कौल मागूक इली..."

"व्हय म्हाराजा!" सवयच असते, तोंडातून निघतंच.

"कौल लावणाऱ्यान... तोंडाक रंग लावलेलो..."

"व्हय म्हा..." आवाज पातळ झाला. पुढचे काही लोक मागे वळून एकमेकांकडे बघायला लागले.

"नाटकाक जावचा होता. रंग जायत म्हणान तेणी न्हावक नाय. देव बोलणा नाय म्हणान हिका परत धाडल्यान. आणि मगे..." तात्या थांबला.

"मगे?" काकी.

"मगे गावाक सांगल्यान, तीच इली नाय म्हणान."

कुणीही काही म्हटलं नाही. एकही माणूस नाही. मागे आचाऱ्याच्या हातातलं पातेलं वाजलं तेवढंच. लोकांना कळेना, हो म्हणावं तर तात्या गेला, गप्प राहावं तर गाऱ्हाणं अपुरं.

काकी तात्यासमोर येऊन उभी राहिली. इतका वेळ ती त्याला तुमी म्हणत होती. आता म्हणाली, "लोक गप ऱ्हवले, शंभू. तू म्हण. खोटा आसात तर नाय म्हण, हो नारळ घेवन मी घराक जातंय, परत तोंड उघडणा नाय. खरा आसात तर तेंच्या वाटणीचा तू म्हण."

मला वाटलं, आता हा नाही म्हणणार. इतकी वर्षं खोटं बोललाय, अजून एकदा काय जड आहे? पण गावाला सांगणं वेगळं आणि देवाकडे तोंड करून सांगणं वेगळं.  तो देवाकडे वळला. खूप वेळ वळलेलाच राहिला.

"व्हय म्हाराजा," तात्या म्हणाला.

काकीने नारळ ठेवला.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, कौल लावा, देव काय म्हणतो बघूया. काकी गर्रकन वळली. "कौल नको माका. एकदा मागलंय, पुरे झाला."

गौरवीताई स्टेजवरून उतरून आली. रडत होती. "काकी, तू आधी माझ्याकडे यायचं होतंस. असं सगळ्यांसमोर, बाबांना..."

"तुज्याकडेच इल्लंय मगे," काकी म्हणाली. "दोन दीस तुज्या त्या फोनात बोल्लंय."

"मी तुझं नाव कुठेच घातलं नव्हतं गं!"

"माजा नाव घालूक नाय, आणि बापाशीचा कापलंस. नाव नाय म्हणान लाज कोणाची गेली? आवाज कोणाचो?"

 ह्याचं उत्तर पीएच्.डी.त नसणार.

नंतरचं सांगते. ती क्लिप यूट्यूबवरून गेली, कारण मी खाली रोज कॉमेंट टाकत होते, पूर्ण वाक्य, रोज तेच, आणि माझ्या तीन मैत्रिणीही. पदवी नाही गेली. ती अजून आहे नावामागे. मी विद्यापीठाला मेल केलाय, उत्तर आलंय की चौकशी करू, म्हणजे बघू. तात्या अजून कौल लावतो, पण लोक आता आधी डॉक्टरला सही देतात आणि मग त्याच्याकडे जातात, आणि नाटकात त्याला कुणी घेत नाही. पोरं त्याला मागून 'राजा' म्हणतात. मी पण म्हणते. काकीला एकदा विचारलं, आता झालं ना समाधान? तर म्हणते, "खंय! तो अजून दोन वेळ जेवता मगे."

पण गौरेशचं राहिलंच.

त्या दिवशी काकी देवळातून जेवायला न थांबता सरळ घरी निघाली. मी मागे. आणि माझ्या मागे तो, बाईक ढकलत, चालू न करता. काकी अंगणात शिरली, पायरी चढली, आत गेली आणि दाराची खालची फळी लावून घेतली. तो पायरीशी येऊन उभा राहिला.

"आई."

"काय?"

"माका ठावक नव्हता गो."

"मी सांगलंय तुका. दहावीत होतंस तेवा सांगलंय. मगे सांगलंय. चतुर्थेक सांगलंय." आतून भांडी वाजत होती. "बापाशीक मारलंस म्हटलंस माका. आणि त्या रंगवलेल्याच्या पायां पडलंस दर वर्सा."

"चुकलंय. पाणी तरी दी."

"माज्या हातचा पाणी पिणा नाय होतंस मगे? आता मी देणा नाय."

मला वाटलं आता पुढे होऊन तो फळी ढकलेल, ती उघडेल, दोघं रडतील. काही नाही. तो पायरीवर बसला. दुपारभर बसला. ऊन पायावर आलं तरी सरकला नाही. माझ्या आईने त्याला गडग्यावरून तांब्या दिला तर आतून काकीचा आवाज, "गे, तेका सवय लावू नको!" पोदेर संध्याकाळचे पाव घेऊन आला, त्याने हे सगळं बघितलं आणि पहिल्यांदाच हॉर्न न वाजवता निघून गेला.

तिन्हीसांजेला मी मीठ मागायच्या निमित्ताने मागच्या दाराने आत गेले. काकी चुलीपुढे बसून बांगडे भाजत होती. तिच्या एकटीसाठी खूपच जास्त होते. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऱ्हवलो काय गेलो?"

"बसलाय."

तिने एक बांगडा परतला. मग दुसरा.

"विचार तेका, जेवतलो काय म्हणान. तू विचार. मी बोलणा नाय तेच्याकडे."

मी उठले.

"आणि आयक. सांग तेका, थयच बसान जेवचा. भुतूर येवचा नाय."

"कधीपर्यंत काकी?"

"बघतंय," काकी म्हणाली. "अजून बरीच वर्सां आसत माजी."